तवक्कुल आणि सीट बेल्ट

ईदच्या नमाजानंतर अनेक कुटुंबे मोटारीने आजोळी निघतात. पुढच्या आसनावर आई, तिच्या मांडीवर तान्हे बाळ, मागे दोन मुले उभी. वडील सफरची दुआ न चुकता म्हणतात, पण पट्टा बांधण्यास सुचविले, तर म्हणतात, “मृत्यूची वेळ तर ठरलेलीच आहे.” हे उत्तर खरोखर इमानचे आहे काय?

हजरत उमर (रजि.) शामकडे जात असता सर्ग येथे त्यांना पुढे प्लेग पसरल्याचे कळले. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचे ठरविले. अल्लाहच्या तकदीरपासून आपण पळ काढता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. उत्तराचा आशय असा होता, की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. अपघात तकदीरबाहेर नाही, तसा त्यातून वाचविणारा पट्टाही नाही. उंट बांधावा की मोकळा सोडून तवक्कुल करावे, असे विचारणाऱ्यास प्रेषितांनीही (स.) आधी उंट बांधण्यास सांगितले होते.

ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार आदळून थांबली, तरी आतील मोकळे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. तो आघात सुमारे 10 मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. त्या क्षणी आईचे हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत; ममता कमी नसते, बळ अपुरे पडते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पट्ट्यामुळे मृत्यूचा धोका 50 टक्क्यांपर्यंत, तर बालआसनामुळे तान्ह्या मुलांचे मृत्यू 71 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या मानेवर व पोटावर येतो. म्हणून त्याला वय, वजन व उंचीनुसार वेगळे आसन हवे आणि ते मागच्या बाजूस बसवावे. 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानेही 14 वर्षांखालील मुलास असे सुरक्षित न बसविल्यास 1000 रुपये दंड ठेवला आहे.

परंतु आपला प्रश्न दंडापुरता नाही. इमाम गज़ाली (रह.) यांनी सांगितलेल्या शरीअतच्या पाच उद्देशांत प्राणरक्षण आहे. मूल ही अमानत आहे. पट्टा बांधायचा की नाही, हे ते ठरवीत नाही. आपण ठरवितो, म्हणून जाबही आपल्यालाच द्यावा लागेल. बालआसन महाग वाटत असेल, तर अपघातात न सापडलेले, सुस्थितीतील आसन नातलगांनी एकमेकांना द्यावे.

पुढच्या सफरीत आधी मुलांचे पट्टे तपासावेत, मग आपला बांधावा आणि दुआ म्हणावी. अल्लाह आपल्या लेकरांचे रक्षण करो. आमीन.