तापातले मूल घरीच ठेवा

पावसाचा जोर वाढला, की शाळांतून सर्दी-तापाची साथ सुरू होते. जुलै ते सप्टेंबर हा आपल्याकडे फ्लूचा मुख्य हंगाम. थंडी सरता सरता तो पुन्हा एकदा डोके वर काढतो. "साधा ताप तर आहे, गोळी दे आणि पाठव शाळेत," असे अनेक घरांत म्हटले जाते. घटक चाचणी बुडू नये, हजेरी कमी पडू नये, ही पालकांची काळजी रास्त आहे. परंतु साथीला खरे बळ मिळते ते याच गोळीमुळे. गोळीने ताप उतरतो, विषाणू मरत नाहीत. मूल बाकावर बसते आणि शेजारच्या चौघांना आजार देऊन घरी येते.

फ्लू कसा ओळखावा?

साध्या पडशात नाक गळते, शिंका येतात, पण मूल खेळत असते. फ्लूमध्ये एकाएकी ताप चढतो, अंग मोडून येते, डोके व घसा दुखतो, कोरडा खोकला सुरू होतो आणि मूल मलूल होऊन पडून राहते. लहान मुलांना कधी उलट्या-जुलाबही होतात.

तो कसा पसरतो?

खोकताना, शिंकताना उडणाऱ्या तुषारांतून विषाणू जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जातो. बाक, दाराची कडी, पेला यांवरही तो काही तास, कधी एक-दोन दिवस टिकतो आणि हातावाटे नाकाडोळ्यांपर्यंत पोहोचतो. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात. मात्र रोगी त्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला आजार देऊ लागतो व पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुले त्याहून जास्त दिवस.

मूल बहुधा आठवड्यात बरे होते. पण त्याच्या शेजारी झोपणारी आजी, दम्याचे आजोबा, गरोदर काकू किंवा घरातले तान्हे बाळ यांना हाच आजार न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. निरोगी मुलेही पूर्ण सुरक्षित नसतात. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. तो एच१एन१ विषाणू आता हंगामी फ्लूचाच एक प्रकार झाला आहे.

काय करावे?

१) तापाचे औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच मुलाला शाळेत पाठवावे.

२) आजारी मुलाला शक्यतो वेगळे, हवेशीर जागी झोपवावे. आजी-आजोबांना काही दिवस दूर ठेवावे. शुश्रूषा एकानेच करावी व जवळ जाताना तोंडाला मास्क लावावा.

३) पेला, टॉवेल, रुमाल वेगळा असावा. पदराने मुलाचे नाक पुसू नये. त्याच पदराला मग सर्वांचे हात लागतात.

४) खोकताना रुमाल धरावा, नसेल तर कोपराच्या घडीत खोकावे. साबणाने निदान २० सेकंद हात धुवावेत.

५) शिक्षकांनी वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पाण्याच्या टाकीवर सर्वांसाठी एकच पेला नसावा. आजारी विद्यार्थ्याला हजेरीवरून बोलू नये.

६) फ्लूची लस सहा महिन्यांपुढील बालकांना देता येते. विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी घ्यावी. नऊ वर्षांखालील मुलांना पहिल्या वेळी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. लसीने आजार हमखास टळतो असे नाही, पण त्याचा जोर कमी होतो. वृद्ध, गर्भवती, दमा व मधुमेहाचे रुग्ण यांनीही डॉक्टरांना लसीबद्दल विचारावे.

औषधांविषयी

विश्रांती, भरपूर पाणी, पेज, वरण-भात आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नये. त्याने यकृत व मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नाही, तेव्हा दुकानातून आपल्या मनाने ती आणू नयेत. फ्लूवरचे खास औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक गुणकारी ठरते, पण ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील.

केव्हा धावावे?

श्वास जोरात चालणे, बरगड्या आत ओढल्या जाणे, ओठ निळसर पडणे, पाणीही न पिणे, लघवी फार कमी होणे, सतत गुंगी, झटके, तीन दिवसांहून अधिक ताप किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

बुडालेला अभ्यास आठवड्यात भरून निघतो. चार दिवस मुलाला घरी ठेवण्याने कदाचित शेजारच्या बाकावरच्या मुलाची आजी वाचेल, आणि आपलीही.