शेण, दिवा आणि पाणी

मंडळी, विद्यापीठ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. शाळेच्या पुढे कॉलेज आणि कॉलेजच्या पुढे विद्यापीठ. तिथे विद्वान लोक शिकवतात आणि नवे शोधही लावतात. त्या शोधांची माहिती सांगण्यासाठी तिथे व्याख्याने होतात.

मी अशाच एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता 'स्वच्छ ऊर्जा'. तिथे ऐकलेली एक खरी गोष्ट तुम्हांला सांगतो.

आधी ऊर्जा म्हणजे काय ते पाहू. ऊर्जा म्हणजे काम करण्याचे बळ. बैल नांगर ओढतो, ते बळ त्याला चाऱ्यातून मिळते. भाकरी भाजते, ती लाकडातल्या ऊर्जेवर. पण लाकूड जळले की धूर होतो. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. जी ऊर्जा वापरताना असा धूर आणि काजळी होत नाही, ती स्वच्छ ऊर्जा. ती उन्हापासून मिळते, वाऱ्यापासून मिळते, आणि आपल्या गोठ्यातल्या शेणापासूनही मिळते.

ते ऐकताना मला माझी आई आठवली. तिचा जन्म चुलीपुढे गेला. म्हातारपणी तिला रात्ररात्र खोकला यायचा. मी शाळेत 'स्वच्छ हवा' हा धडा कितीतरी वर्षे शिकवला. पण आपल्याच स्वैपाकघराला धुराडे करावे, हे काही मला सुचले नाही. आई बोलली नाही, आणि मी विचारले नाही. हे 'विचारले नाही' तेवढे ध्यानात ठेवा.

आता गोष्ट ऐका.

बंगळूरला भारतीय विज्ञान संस्था आहे. ती 1909 साली स्थापन झाली. तिथे अमूल्यकुमार रेड्डी नावाचे प्राध्यापक होते. आपले विज्ञान खेड्यांच्या उपयोगी पडावे, अशी त्यांना तळमळ होती. 1974 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थेत 'अस्त्र' नावाचे केंद्र काढले. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचे लहानसे गाव आहे. तिथे त्यांनी काम सुरू केले.

त्यांनी ठरवले, सगळ्या गावासाठी गोबर गॅसची एकच मोठी टाकी बांधावी आणि प्रत्येक घरी स्वैपाकाला गॅस द्यावा.

गोबर गॅस कसा होतो ठाऊक आहे ना? शेण आणि पाणी सारखे घेऊन कालवायचे. तो काला बंद टाकीत सोडायचा. आत हवा लागत नाही. तिथे डोळ्यांना न दिसणारे जंतू शेण कुजवतात. त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. तो निळ्या ज्योतीने जळतो. धूर होत नाही. उरलेला काला वाया जात नाही. त्याचे चांगले खत होते.

पण पुऱ्यात हिशेब जमेना. साधारण 25 किलो शेणापासून 1 घनमीटर गॅस मिळतो. पाचसहा माणसांच्या दोन वेळच्या स्वैपाकाला दीड ते दोन घनमीटर गॅस लागतो. म्हणजे दर घरी चारपाच जनावरे हवीत. सगळ्यांच्या दावणीला एवढी जनावरे कुठली? गॅस पुरेना. शिवाय सरपण तर रानात फुकट मिळत होते. त्यामुळे लोकांना या कामात गोडी वाटेना.

दुसरा कोणी असता, तर म्हणाला असता, "गावातले लोक अडाणी. त्यांना सुधारणा नको." पण या मंडळींनी गावालाच विचारले, "बाबांनो, तुम्हांला आधी काय हवे?"

गावाने सांगितले, "आधी प्यायला चांगले पाणी द्या."

झाले! विद्वानांनी आपला बेत बदलला. स्वैपाकाला न पुरणारा गॅस त्यांनी इंजिनाला लावला. इंजिन थोडे डिझेल आणि बाकी गोबर गॅस यांवर चाले. इंजिनाने वीज तयार होई. विजेवर पंप चाले आणि विंधन विहिरीचे पाणी नळाला येई. त्याच विजेवर घरांत दिवेही लागत. 1987 सालच्या सप्टेंबरात हे काम सुरू झाले. रॉकेलच्या चिमण्या गेल्या, दिवे आले. घरोघरचे शेण टाकीवर येऊ लागले. शेण पोचवणाऱ्याला थोडे पैसे मिळत. ज्याने जेवढे शेण दिले, त्याला त्या मानाने खतही परत मिळे. इंजिन आणि पंप चालवायला गावातलेच तरुण होते.

बघा, शेण तेच आणि गाव तेच. पण एक प्रश्न विचारला, आणि अडलेले काम चालू झाले.

व्याख्यान संपल्यावर मी घरी आलो. सूनबाई चुलीपाशी शेंगा भाजत होती. आमच्याकडे गॅसची शेगडी आहे, तरी पाणी तापवायला आणि असल्या कामांना अजून चूल पेटते. मी तिला विचारले, "पोरी, धुराचा त्रास होतो का गं?"

ती जरा थांबली. म्हणाली, "मामंजी, होतो की. पण आजवर कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या आठवड्यात मी धुराडे बसवून घेतले. आईच्या वेळी सुचायला हवे होते. उशिरा का होईना, सुचले.

तुमच्या गावात कोणी शिकलेला माणूस नवी शेगडी, नवा दिवा, नवी टाकी घेऊन आला, तर त्याचे सगळे ऐकून घ्या. पण मुकाट्याने मान हलवू नका. आपली गरज काय आहे, ते त्याला स्पष्ट सांगा. विद्वानाला यंत्र कळते. आपल्या गावात पाणी कुठे आटते आणि धूर कुठे कोंडतो, हे तुम्हांलाच ठाऊक असते.

सांगा पाहू

1. स्वच्छ ऊर्जा कशाला म्हणतात?
2. पुऱ्यात स्वैपाकाला गॅस का पुरला नाही?
3. गावाने आधी काय मागितले?
4. तुमच्या घरात आणि गावात आधी काय हवे? घरातल्या बायकांना विचारा आणि चार ओळी लिहा.