घाटांत दम सोडणारी गाडी : कारणशोधाचा एक पाठ

भाजीपाल्यानें भरलेली पिकअप गाडी सपाट रस्त्यावर नीट धांवते. परंतु चढ लागतांच तिचा वेग मंदावतो. चालक एक्सलेटर पुरता दाबतो, तरी गाडी ओढत नाहीं. हा प्रकार तुमच्यापैकीं अनेकांनीं पाहिला असेल. ज्या कुटुंबाचा चरितार्थ आणि कर्जाचा हप्ता अशा एकाच गाडीवर अवलंबून असतो, त्यास ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. माल बाजारांत उशिरां पोंचतो, डीझेल अधिक जळतें, आणि अरुंद घाटांत जिवासही धोका संभवतो. अशा वेळीं केवळ अटकळीनें एकामागून एक भाग बदलीत गेल्यास पैसा जातो व दोष तसाच राहतो. म्हणून कारण कोणत्या क्रमानें शोधावें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम इंजिनाचें तत्त्व ध्यानांत घेऊं. रूडॉल्फ डीझेल या अभियंत्यानें इ. स. १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. हवा इतकी दाबावी कीं ती तापून तिच्यांत फवारलेलें तेल ठिणगीवांचून पेटावें, हें त्याचें मर्म होय. यावरून इंजिनाच्या चार गरजा निघतात : भरपूर हवा, योग्य क्षणीं मिळणारें स्वच्छ तेल, सिलिंडरांतील घट्ट दाब, आणि धूर बाहेर जाण्यास मोकळी वाट. यांपैकीं एकही उणी पडली कीं शक्ति घटते.

हवेची गरज किती मोठी असते, हें गणितानें पाहावें. १ किलो डीझेल पूर्ण जळण्यास सुमारें १४.५ किलो हवा लागते. १ लिटर डीझेलचें वजन सुमारें ०.८३ किलो, म्हणजे त्यास १२ किलो, अर्थात् सुमारें १०,००० लिटर हवा हवी. एवढी हवा ज्या गाळणींतून जाते, ती एअर फिल्टर धुळीनें बुजली तर इंजिनाचा श्वास कोंडल्यावांचून कसा राहील?

परंतु इंजिनास दोष देण्यापूर्वीं दोन गोष्टी तपासाव्या. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाहीं, असें असल्यास क्लच घसरत असावा. तसेंच कांहीं किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि चाकांना हात न लावतां त्यांची उष्णता जवळून अजमावावी. एकच चाक फार तापलें असेल, तर तेथील ब्रेक चिकटला असण्याचा संभव आहे. मग बिचारें इंजिन काय करील?

यानंतर धुराकडे पाहावें. काळा धूर म्हणजे तेलाच्या मानानें हवा कमी; निळा धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे; इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर तेल न जळतां बाहेर पडत आहे किंवा थंडाव्याचें पाणी आंत शिरत आहे. धूर नाहीं आणि ओझें पडतांच शक्ति जाते, तर बहुधा डीझेलच कमी पोंचत आहे. अशा वेळीं डीझेल फिल्टर व त्याच्या तळाशीं सांचणारें पाणी प्रथम पाहावें. मात्र एक सावधगिरी हवी. भारतांत १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ नियमांनंतरच्या बहुतेक डीझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. तींत काळा धूर अडून राहतो. म्हणून धूर दिसत नाहीं एवढ्यावरून हवा पुरेशी आहे असें मानूं नये. गाडी नेहमीं जवळच्याच फेऱ्या करीत असेल, तर ही काजळी जळून जाण्याइतकी उष्णता मिळत नाहीं. गाळणी तुंबते आणि गाडींतील संगणक इंजिनाच्या रक्षणार्थ मुद्दाम शक्ति कमी करतो.

हा संगणक दोषाचा संकेतांक सांगतो. तो साक्षीदार होय, न्यायाधीश नव्हे. समजा, पी ०२९९ हा अंक निघाला. टर्बोनें हवेचा जो दाब द्यावा त्यापेक्षां तो कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आंतील हवा दाबून भरणारा पंखा. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यानें १९०५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. हा भाग महाग असतो, आणि उतावळा मनुष्य तोच आधीं बदलतो. विचारी कारागीर प्रथम टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप पाहतो. त्यास चीर आहे काय? क्लिप सैल आहे काय? सांध्याशीं तेलकट डाग आहे काय? वेग वाढवितांना फुसफुस ऐकूं येते काय? नंतर एअर फिल्टर, मग टर्बोवर ताबा ठेवणारी बारीक नळी, आणि सर्वांच्या शेवटीं टर्बो. सोपें व स्वस्त तें आधीं, अवघड व खर्चाचें तें मागाहून, हाच क्रम. सिलिंडरांतील दाब मोजण्याचें काम तर याहूनही शेवटचें.

पालकांस व मुलांस एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. आजच्या डीझेल इंजिनाच्या इंधननळींत वायुमंडलाच्या हजारपटीहून अधिक दाब असतो. तेथील बारीक धार कातडी भेदून शरीरांत शिरते. म्हणून गळती हातानें चांचपूं नये, तें काम जाणत्या मिस्त्रीवर सोंपवावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकणही उघडूं नये.

विद्यार्थ्यांनीं मात्र एक काम खुशाल करावें. घरच्या गाडीसाठीं एक वही घालावी. तींत डीझेल किती भरलें, गाडी किती चालली, फिल्टर केव्हां बदलले, आणि शक्ति कमी वाटली तेव्हां ओझें, चढ व धूर कसा होता, हें तारखेसह टिपून ठेवावें. मिस्त्रीपुढें ही वही ठेवली, तर त्याचा अर्धा शोध तेथेंच होईल आणि वडिलांचे पैसेही वांचतील.