पाव गोळी म्हणजे नेमकी किती?

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. सकाळपासून पाऊस कोसळत होता. दवाखान्यात ताप-खोकल्याचे रुग्ण दाटीवाटीने बसले होते. तेवढ्यात नववीतला एक मुलगा आणि त्याचे वडील चपलांचा खोका घेऊन आत आले. खोक्याच्या झाकणाला भोके पाडलेली होती. मुलगा म्हणाला, "डॉक्टरकाका, ढवळ्याला दम लागलाय."

झाकण उघडले तर आत पांढरा उंदीर! मामाने मुंबईहून आणून दिलेला, पाळलेला. अंगाचा गोळा करून बसला होता. केस पिंजारलेले, प्रत्येक श्वासाबरोबर कुशी आत-बाहेर होत होत्या. नाकाशी आणि डोळ्यांभोवती लालसर डाग होते. कान जवळ नेला तर घरघर स्पष्ट ऐकू येत होती. बाकावरच्या मंडळींनी पाय वर घेतले. साहजिकच आहे. उंदीर म्हटला की लोकांना १९९४ सालचा बीड-सुरतचा प्लेग आठवतो, आणि आपल्या कोकणात तर दर पावसाळ्यात लेप्टोची धास्ती असतेच.

मी माणसांचा डॉक्टर. जनावरांवर उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्याचे काम. तसा १९८४ चा कायदाच आहे. तसे मी त्यांना सांगितले. पण "आतापर्यंत काय दिलेत?" असे विचारल्यावर वडिलांनी जे उत्तर दिले, त्यामुळे आजचा विषय निघाला. ते म्हणाले, "आधी थोरल्याच्या उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूलमधली चिमूट तीन दिवस दिली. गुण आला नाही. मग काल लेप्टोसाठी मिळालेली डॉक्सीची गोळी घरात होती, तिची पाव दुधातून दिली. एवढासा जीव, म्हणून पावच दिली!"

वाचकहो, या दोन वाक्यांत चार चुका आहेत. त्या एकेक करून पाहू.

हा आजार कोणता?

पाळीव उंदरांमध्ये श्वसनाचा हा आजार फार आढळतो. त्याचे मुख्य कारण मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा सूक्ष्म जंतू. बहुतेक पिल्लांना तो आईकडूनच मिळतो आणि जन्मभर अंगात राहतो. एरवी तो शांत असतो. थंडी, ओल, कोंदट हवा, वाढते वय किंवा दुसरा एखादा संसर्ग यांचे निमित्त झाले की डोके वर काढतो. आधी शिंका, मग घरघर, मग खाणे सुटून वजन उतरणे, असा त्याचा क्रम असतो. माणसाला न्यूमोनिया करणारा मायकोप्लाझ्मा वेगळा. त्यामुळे उंदराचा हा न्यूमोनिया घरातल्या माणसांना होईल अशी भीती बाळगू नये.

डोळ्या-नाकाशी दिसणारे लाल डाग पाहून लोक घाबरतात. ते रक्त नव्हे. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून तांबूस रंगाचा स्राव येतो. उंदीर आजारी किंवा त्रासात असला की तो वाढतो. म्हणजे ती आजाराची खूण आहे, जखमेची नाही.

उंदीर नेहमी नाकानेच श्वास घेतो. त्यामुळे तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला, किंवा पंजे आणि शेपूट निळसर दिसू लागली, तर एक तासही न दवडता पशुवैद्य गाठावा.

अमॉक्सिसिलिनने गुण का आला नाही?

ही पहिली चूक. अमॉक्सिसिलिन हे जंतूंची बाहेरची भिंत बांधू देत नाही आणि त्यामुळे ते मरतात. मायकोप्लाझ्माला अशी भिंतच नसते. भिंतच नाही तर औषध पाडणार काय? सोबत दुसऱ्या जंतूंची भर पडली असेल तर पशुवैद्य ते औषध देतातही. पण मूळ जंतूवर त्याचा उपयोग नाही. त्याला लागते डॉक्सिसायक्लिन, किंवा एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांसाठी बनवलेले औषध. कित्येकदा दोन्ही मिळून द्यावी लागतात. वाढत्या वयाच्या पिल्लांना एन्रोफ्लॉक्सासिन जपून द्यावे लागते, कारण त्याने सांध्यांतल्या कूर्चेला इजा होऊ शकते. म्हणून निवड पशुवैद्यानेच करायची.

एकाचे उरलेले औषध दुसऱ्याला देणे ही चूक माणसांच्या बाबतीतही रोज घडते. "खोकलाच आहे ना, मग तेच औषध" असे नसते. खोकला हे लक्षण आहे. औषध त्यामागच्या कारणाला द्यायचे असते.

हिशेब करून पाहू

दुसरी आणि सर्वांत मोठी चूक पाव गोळीची. माझा एक मित्र परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला आहे. त्याला मी तिथल्या तिथे फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न होता, "वजन किती?" दवाखान्याला लागूनच आमचे घर आहे. सौभाग्यवतींचा केकसाठी वापरायचा वजनकाटा मागवला. झाकणाच्या डब्यात उंदीर ठेवून वजन केले आणि रिकाम्या डब्याचे वजन वजा केले. ढवळ्या भरला ३०० ग्रॅम, म्हणजे ०.३ किलो. (काटा पुन्हा स्वयंपाकघरात गेला तो दोनदा धुऊनच.)

उंदरासाठी डॉक्सिसायक्लिनची मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा. ०.३ गुणिले ५ म्हणजे १.५ मिलिग्रॅम. वडिलांनी दिली होती १०० मिलिग्रॅमच्या गोळीची पाव, म्हणजे २५ मिलिग्रॅम. एका वेळच्या मात्रेच्या सोळा पटींहून अधिक! शिवाय उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले चुकीचे औषध तो बाहेर टाकू शकत नाही.

आता कुणी हुशार वाचक म्हणेल, "मग सरळ त्रैराशिक मांडू. ६० किलोच्या माणसाला एका वेळी १०० मिलिग्रॅम. उंदीर त्याच्या दोनशेवा भाग, म्हणून अर्धा मिलिग्रॅम." हेही चूकच. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे गरजेच्या फक्त तिसरा हिस्सा. उंदराचे हृदय मिनिटाला तीनशेपेक्षा जास्त वेळा ठोके देते. इतक्या लहान देहात सगळे व्यवहार झपाट्याने चालतात आणि औषधही लवकर बाहेर टाकले जाते. म्हणून त्याला किलोमागे जास्त औषध लागते. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

म्हणजे डोळ्यांच्या अंदाजाने मात्रा सोळापट झाली आणि साध्या त्रैराशिकाने ती तिसऱ्या हिश्शावर आली. खरी मात्रा कळली ती वजन करून आणि त्या प्राण्यासाठी ठरलेला आकडा माहीत असलेल्या माणसाला विचारून.

देण्याची पद्धत

तिसरी चूक दुधाची. डॉक्सिसायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटते आणि अंगात नीट शोषले जात नाही. ढवळ्याच्या बाबतीत ही चूक पथ्यावरच पडली असावी. शिवाय त्याने बरेचसे दूध सांडूनही टाकले होते. एरवी हे औषध दूध-दह्यातून देऊ नये. मधाच्या थेंबातून चालते.

दीड मिलिग्रॅम पूड बोटाने मोजता येत नाही. म्हणून मित्राने त्याच्या देखरेखीखाली पातळ औषध करून दिले. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन होते. १.५ भागिले ५, म्हणजे ०.३ मिलिलिटर. हे १ मिलिलिटरच्या सिरिंजने, सुई काढून, तोंडाच्या कडेने थेंबथेंब द्यायचे. घाईने पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जाते. इन्सुलिनची सिरिंज वापरू नये, कारण तिच्यावरचे आकडे मिलिलिटरचे नसून युनिटचे असतात. बाटली दर वेळी हलवावी. औषध तळाशी बसले तर सुरुवातीला पाणी आणि शेवटी गाळ दिला जातो. आणि औषध बदलले की बाटलीवर "दर मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम" हे पुन्हा वाचावे. दुप्पट तीव्रतेच्या बाटलीतले तेच ०.३ मिलिलिटर म्हणजे दुप्पट औषध.

चौथी चूक दिवसांची. तीन दिवसांत गुण नाही म्हणून औषध बदलणे, किंवा तीन दिवसांत बरे वाटले म्हणून बंद करणे, दोन्ही वाईट. या आजारात औषध बहुधा दोन ते तीन आठवडे चालवावे लागते. एवढे करूनही जंतू समूळ जात नाही, फक्त दबतो. हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे पुन्हा शिंका आल्या की ती खचत नाहीत.

औषधाइतकीच जागा महत्त्वाची

उंदराच्या मुताने भिजलेल्या अंथरुणातून अमोनिया सुटतो. तो वास आपल्याला जाणवायच्या आधीच जमिनीलगतच्या त्या नाकात शिरलेला असतो. अमोनियाने श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि मायकोप्लाझ्मा फोफावतो. आपल्या पावसाळ्यात काहीच वाळत नाही, म्हणून अंथरूण जास्त वेळा बदलावे. धुळीचा लाकडी भुसा नको, कागदाच्या पट्ट्या बऱ्या. पिंजरा हवेशीर पण थेट वाऱ्याच्या झोतात नसावा. मच्छर अगरबत्ती, धूप, फोडणीचा आणि विडीचा धूर यांपासून दूर ठेवावा.

घरातल्या माणसांनीही काळजी घ्यावी. बाहेरच्या उंदरांचा पिंजऱ्याशी संबंध येऊ देऊ नये, कारण लेप्टोचा जंतू उंदराच्या मुतातून पसरतो. पिंजरा साफ करताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याने करावे. उंदीर चावल्यावर काही दिवसांनी ताप, अंगावर पुरळ किंवा सांधेदुखी झाली तर डॉक्टरांना चाव्याबद्दल आवर्जून सांगावे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर उंदीर पाळण्याआधी विचार करावा.

हाच हिशेब बाळाचा

त्याच महिन्यात माझ्याकडे आठ किलो वजनाचे एक बाळ आले होते. तापासाठी आजीने पॅरासिटामॉल दिले होते, चमचाभर. घरात होते ते थेंबाचे औषध, १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे. बाळाला किलोमागे १५ च्या हिशेबाने १२० मिलिग्रॅम, म्हणजे १.२ मिलिलिटर पुरे होते. पाच मिलिलिटरच्या चमच्यातून गेले ५०० मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त. एकदाच दिले होते म्हणून निभावले. थेंबाची बाटली आणि सिरपची बाटली सारखीच दिसते, नावही तेच असते. पण साध्या सिरपच्या अख्ख्या चमच्यात जेवढे औषध असते, तेवढे थेंबाच्या औषधाच्या सव्वा मिलिलिटरातच असते.

श्वासाचेही तसेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना बाळाचे श्वास मोजायला आणि ठरलेल्या मात्रेत औषध द्यायला शिकवले. त्यामुळे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. ते काम १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, एक वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा जास्त, आणि पाच वर्षांच्या आतील मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर घरगुती उपाय करत बसू नये.

लक्षात ठेवा

१) आधी वजन, मग औषध. मुलाचे ताजे वजन औषधांच्या डब्यावर लिहून ठेवा.
२) बाटलीवर मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम ते वाचा.
३) घरातला चमचा नको, मापाचा चमचा, ड्रॉपर किंवा सिरिंज वापरा.
४) उरलेले अँटिबायोटिक जपून ठेवू नका, दुसऱ्याला देऊ नका.
५) जनावराचे औषध पशुवैद्याला विचारूनच. या लेखातले आकडे हिशेब समजण्यासाठी आहेत, चिठ्ठी म्हणून नव्हेत.

ढवळ्याचे म्हणाल तर आठवड्यात तो खाऊ लागला. एकवीस दिवसांनी मुलगा मला वही दाखवायला आला. रोज सकाळ-संध्याकाळ वेळ लिहिलेली, दिलेल्या मात्रेपुढे बरोबरची खूण, दर रविवारी वजन. बेचाळीस मात्रा, एकही चुकलेली नाही. घरघर थोडी राहिली, ती राहणारच होती. तेव्हापासून मी लहान मुलांच्या आई-वडिलांना सांगतो, औषधाच्या बाटलीबरोबर दोन रुपयांची का होईना, एक वही घ्या.