भूस काय सांगते?

गहू पिकला. हार्वेस्टर आले. बघता बघता रान मोकळे झाले. मालक खूष झाला. पुढे रानाला पाणी दिले, तर जिकडे तिकडे गव्हाचे कोंब! यंत्राने मागे सांडलेला तो गहू. पोत्यात यायचा दाणा मातीत गेला.

तुम्ही असे होऊ देऊ नका. यंत्र थोडे चालले, की ड्रायव्हरला थांबायला सांगा. मागे पडलेले भूस हातात घ्या. काय बिघडले ते भूसच सांगेल.

भुसात मोकळे दाणे दिसतात? मग यंत्र फार जोरात चालले आहे, नाहीतर पंख्याचा वारा जास्त आहे. आधी चाल कमी करायला सांगा. मग वारा.

ओंबीत दाणे तसेच राहिलेत? पीक दमट आहे का बघा. दव असेल तर उन्हं वर येऊ द्या. पीक वाळलेले असेल, तर ड्रम आणि जाळी यांमधले अंतर थोडे कमी करायचे.

टाकीतला गहूही बघा. दाणे फुटलेत? ड्रमचा वेग कमी करायचा.

एका वेळी एकच बदल करा. यंत्र पन्नास पावले चालू द्या. पुन्हा भूस बघा.

एक गोष्ट विसरू नका. इंजिन बंद केले, तरी ड्रम थोडा वेळ फिरतच राहतो. तो पुरता थांबेपर्यंत आत हात घालू नका. किल्ली काढून खिशात ठेवा. सांडलेला दाणा वेचता येईल. तुटलेला हात परत येत नाही.