फलकावरील नाव आणि नोंदणीतील नाव : शेतमालाच्या व्यवहारात घ्यावयाची दक्षता

एखादा शेतकरी सोयाबीन व्यापाऱ्याच्या गोदामात उतरवतो. फलकावर जे नाव असते तेच काटापट्टीवर छापलेले असते. रक्कम पंधरा दिवसांनी देण्याचे ठरते. मुदत उलटून जाते आणि नोटीस पाठवण्याची वेळ येते, तेव्हा पहिलाच प्रश्न पडतो : नोटीस कोणाच्या नावे काढावी? व्यवहार नेमका कोणाशी झाला, हे फलकावरून कळतेच असे नाही.

दोन नावांतील फरक

व्यवसायाचे कायदेशीर नाव म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर व पॅनवर असलेले नाव. करार, कर्ज, दावा आणि देणी याच नावाशी बांधलेली असतात. व्यापारी नाव म्हणजे बाजारात रूढ झालेले, ग्राहकाच्या तोंडी असलेले नाव. अकोल्याचे ‘महाबीज’ हे नोंदणीत ‘महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ मर्यादित’ आहे. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीचे ‘सह्याद्री फार्म्स’ हे कायद्याच्या दृष्टीने ‘सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ आहे. वेगळे व्यापारी नाव वापरणे गैर नाही. त्यामागील कायदेशीर नाव ठाऊक नसणे मात्र धोक्याचे ठरते.

मालावरील नाममुद्रा ही या दोहोंहून निराळी असू शकते. ‘अमूल’ हे नाव घरोघरी पोहोचले आहे. पण त्या नाममुद्रेखाली विपणन करणारी संस्था म्हणजे १९७३ मध्ये स्थापन झालेला गुजरात सहकारी दूध विपणन महासंघ होय.

देणे कोणाचे?

एकल मालकीच्या दुकानाला मालकाहून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. फलकावर ‘कृषी सेवा केंद्र’ असे लिहिलेले असले तरी देणे मालक व्यक्तीचेच असते. भागीदारी संस्थेत १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार सर्व भागीदार संयुक्तपणे तसेच स्वतंत्रपणे जबाबदार असतात. कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असल्याने देणे कंपनीचे असते. संचालकांच्या खासगी मालमत्तेतून ते सहसा वसूल करता येत नाही. म्हणून उधारीवर माल देण्यापूर्वी समोरचा व्यवसाय कोणत्या प्रकारचा आहे, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

पडताळणीची पद्धत

१. बिलावरील १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक पाहावा. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) व पुढील दहा अंकाक्षरे पॅनची असतात.

२. या क्रमांकातील सहावे अक्षर व्यवसायाचा प्रकार सांगते : ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एफ’ म्हणजे भागीदारी संस्था, ‘सी’ म्हणजे कंपनी.

३. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेतल्यास कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे विनामूल्य कळते.

४. केवळ करमुक्त मालाचा व्यापार करणाऱ्याकडे जीएसटी नोंदणी नसू शकते. अशा वेळी बाजार समितीचा परवाना कोणाच्या नावे आहे, ते पाहावे.

५. करारपत्रात दोन्ही नावे लिहून घ्यावीत : प्रथम कायदेशीर नाव, त्यानंतर ‘या व्यापारी नावाने व्यवसाय करणारे’ असा उल्लेख. बियाणे, खते व औषधे यांचे बिलही असेच पारखून घ्यावे व जपून ठेवावे. उगवण न झाल्यास तक्रारीत विक्रेता व उत्पादक यांची नेमकी नावे द्यावी लागतात.

शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी

हीच दक्षता शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपनीनेही पाळावयाची असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द असणे कायद्याने आवश्यक आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाबाहेर व व्यवसायाच्या ठिकाणी कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावावा लागतो. पत्रे व बिले यांवर नाव व पत्त्यासोबत २१ अंकाक्षरांचा सीआयएन क्रमांकही छापावा लागतो. कसूर झाल्यास दररोज १,००० रुपये, कमाल १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

याहून गंभीर प्रश्न नाममुद्रेच्या मालकीचा आहे. कंपनीची नोंदणी झाली म्हणजे नाममुद्रेला आपोआप संरक्षण मिळते, हा समज चुकीचा आहे. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो. नोंदणी १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. हा अर्ज कंपनीच्याच नावे असावा. सोयीसाठी तो एखाद्या संचालकाच्या वैयक्तिक नावे केला गेला, तर सभासदांच्या मालावर आणि पैशावर उभी राहिलेली नाममुद्रा कागदोपत्री एका व्यक्तीची ठरते. तो संचालक पदावरून दूर झाल्यास कंपनीला स्वतःच्याच पाकिटावरील नावासाठी झगडावे लागू शकते.

विस्तार कार्यकर्त्यांनी उत्पादक कंपनीच्या भेटीत पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, बँक खाते, अन्नसुरक्षा परवाना, पाकिटावरील लेबल आणि व्यापारचिन्हाचा अर्ज हे सहा कागद एकत्र ठेवून त्यांवरील नावे ताडून पाहावीत. जेथे नाव जुळत नाही, तेथे पुढील हंगामाची खरेदी सुरू होण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी.