तडा गेलेल्या मत्स्यपेटीची दुरुस्ती

मत्स्यपेटीस तडा गेला म्हणजे ती मोडीतच काढावयाची, असा समज आहे. शाळेच्या तुटपुंज्या निधीतून घेतलेल्या पेटीबाबत तो महागात पडतो. सिलिकॉनची एक नळी व काचेचा तुकडा एवढ्यावर पुष्कळदा काम भागते.

मात्र तडा कोठे आहे, हे आधी पाहावे. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व तितक्याच उंच पेटीत ५४ लिटर पाणी मावते. तिच्या लांब काचेवर सुमारे २७ किलोग्रॅम भार येतो. दाब तळाशी सर्वाधिक असतो. म्हणून तळाची काच तडकल्यास ती बदलणेच श्रेयस्कर.

बाजूच्या लहान तड्यास ठिगळ पुरते. मासे पेटीतल्याच पाण्यासह, साबण न लागलेल्या बादलीत हलवावेत. वाळू ओली ठेवावी. पाणी शुद्ध राखणारे जीवाणू तीत असतात. काचवाल्याकडून त्याच जाडीचा, तड्याहून चहूबाजूंनी ५ सें.मी. मोठा तुकडा आणावा. काचा स्पिरिटने पुसून तो सिलिकॉनच्या अखंड थरावर आतूनच बसवावा. बाहेरून लावलेले ठिगळ पाणी ढकलून काढू पाहते. आतले तेच पाणी दाबून धरते. न्हाणीघरासाठीचे बुरशीनाशकयुक्त सिलिकॉन स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. ते माशांस घातक असते.

आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, पेटी कोरडी ठेवावी. तड्याच्या टोकांशी बाहेरून खूण करावी. मग पेटी अंगणात सपाट जागी थर्मोकोलवर ठेवून भरावी. दोन दिवसांत ओल दिसली नाही व तडा खुणेपुढे सरकला नाही, तरच मासे सोडावेत.